परदेशातून ऑनलाइन मागवलेला चांदीचा डॉलर खरा की खोटा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती मुख्यतः एकाच जातीच्या नाण्यांबद्दल आहे: सत्तावीस ग्रॅमच्या आसपास वजन असलेली, तळहात भरणारी चांदीची नाणी. अमेरिकेचे मॉर्गन डॉलर आणि ट्रेड डॉलर, चीनचा युआन शिकाई डॉलर (अध्यक्ष युआन शिकाईच्या चित्राचा), १७८० सालाचा मारिया तेरेसा थालर आणि आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला ब्रिटिश डॉलर. परदेशी संकेतस्थळांवर यांच्या नकला उदंड आहेत. तपासण्याची रीत मात्र रुपयापासून थालरपर्यंत एकच आहे.

पैसे भरण्याआधी नुसत्या फोटोवरून काय कळतं?

नाणं खरं आहे याची खात्री फोटोवरून होत नाही. ते खोटं आहे हे मात्र बऱ्याचदा कळतं, आणि तेवढं पुरेसं असतं. आधी साल आणि टांकसाळीचं चिन्ह बघा. मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ या काळात, मग एकदम १९२१ मध्ये पाडला गेला (२०२१ पासूनचे नवे संग्राहकांसाठी आहेत). कार्सन सिटीच्या टांकसाळीने, म्हणजे ‘सीसी’ चिन्हाने, तो १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३ एवढाच काढला. त्यामुळे कोणी १८८७ चा ‘सीसी’ मॉर्गन दाखवला तर पुढे काही बघायची गरज नाही, असं नाणं जन्माला आलेलंच नाही. डेन्व्हरचं ‘डी’ जुन्या मॉर्गनवर फक्त १९२१ ला येतं. अमेरिकन ट्रेड डॉलर चलनासाठी १८७३ ते १८७८ पाडले गेले. १८७९ ते १८८५ चे केवळ प्रूफ (संग्राहकांसाठी खास ठशांनी पाडलेली चकचकीत नाणी) आहेत, त्यातही १८८४ चे दहा आणि १८८५ चे पाच. घासून गुळगुळीत झालेला १८८५ चा ट्रेड डॉलर दिसला तर हसून पुढे जा. १८०४ सालाचे अमेरिकन डॉलर जगात मोजकेच ज्ञात आहेत. तुम्हाला पाचशे रुपयांत मिळणारा त्यांतला नसेल.

मग विक्रेत्याकडे कडेचा फोटो मागा. दोन्ही बाजूंचे फोटो सगळेच देतात, कडेचा फारसा कोणी देत नाही, आणि नकलेची चूक नेमकी तिथे सापडते. नाणं वजनकाट्यावर ठेवून, आकडा दिसेल असाही एक फोटो हवा. ‘काटा नाही’ असं उत्तर आलं तर समजून जा, नाणी विकणाऱ्याकडे काटा नसतो हे पटण्यासारखं नाही. शेवटी लिस्टिंगमधला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. तोच फोटो, तोच डाग, तोच ओरखडा चार वेगळ्या विक्रेत्यांकडे दिसला तर तुम्हाला कुठलं नाणं येणार हे त्यांनाही ठाऊक नाही.

किंमत किती कमी असली की संशय घ्यायचा?

नाण्यातल्या चांदीच्या भावापेक्षा कमी असली की. हिशेब सोपा आहे. मॉर्गनमध्ये २६.७३ ग्रॅमच्या नव्वद टक्के, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी असते. ब्रिटिश डॉलरमध्ये थोडी जास्त, सव्वाचोवीस. थालरमध्ये सुमारे २३.४. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयात १०.७. त्या दिवसाचा चांदीचा भाव गुणून बघा. वितळवून जास्त पैसे येत असताना कोणीही शहाणा माणूस नाणं त्याहून स्वस्त विकत नाही, वर जगभर मोफत पाठवणं तर दूरच. उलटं मात्र खरं नाही. महाग आहे म्हणून खरं, असं समजू नका. चांगल्या नकला बाजारभावाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांनी विकल्या जातात, कारण तिथे गिऱ्हाइकाला ‘स्वस्तात लागलं’ असं वाटतं आणि संशय येत नाही.

विक्रेत्याचं रेटिंग ९९ टक्के आहे, तरी शंका का?

रेटिंग कशावर मिळालं ते बघा. मोबाइलची कव्हरं आणि चाव्यांची कडी विकून जमवलेले दोन हजार चांगले शेरे नाण्यांच्या बाबतीत बिनकामाचे. विक्रेत्याची इतर लिस्टिंग उघडा. एकाच दिवशी अमेरिका, चीन, रशिया आणि ग्रीसची दुर्मीळ नाणी, सगळी एकाच राखाडी छटेची, हे खाजगी संग्रहाचं लक्षण नव्हे, कारखान्याचं आहे. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य वाचलं की वस्तू परत घेण्याची अट आधी वाचा. ‘खातं एका देशात, माल दुसऱ्या देशात’ असेल तर परतीचा पत्ता कुठला हे लेखी विचारून घ्या.

पार्सल हातात आलं. आता सर्वांत आधी काय?

कॅमेरा चालू करा. पत्त्याची चिठ्ठी, सीलबंद पाकीट, ते कापणं, नाणं बाहेर काढणं आणि लगेच काट्यावर ठेवणं, हे सगळं एका सलग चित्रणात हवं. मध्ये थांबवलेलं चित्रण तक्रारीत कमी पडतं. नाणं कडेने धरा. आणि कृपा करून ते धुऊ नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सोडा यांतलं काहीही लावलं की दोन नुकसानं होतात: नाणं खरं असेल तर त्याची किंमत उतरते, खोटं असेल तर विक्रेता म्हणतो की तुम्हीच खराब केलंत.

वजन आणि माप किती असायला हवं?

०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, एवढ्यावर निम्म्याहून अधिक नकला पकडल्या जातात. काट्याला आधी प्रमाणित वजन लावून बघा, काटाच चुकीचा असेल तर सगळं वाया.

मॉर्गन डॉलर: २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मि.मी., जाडी सुमारे २.४ मि.मी.
अमेरिकन ट्रेड डॉलर: २७.२२ ग्रॅम, ३८.१ मि.मी.
ब्रिटिश डॉलर: सुमारे २६.९५ ग्रॅम, ३९ मि.मी.
मारिया तेरेसा थालर: २८.०७ ग्रॅम, सुमारे ४० मि.मी.
युआन शिकाई डॉलर: २६.६ ते २६.८ ग्रॅम, ३९ मि.मी.
ब्रिटिश भारताचा चांदीचा रुपया (१८६२ ते १९३९): ११.६६ ग्रॅम, सुमारे ३०.६ मि.मी.

अमेरिकन टांकसाळीत डॉलरला दीड ग्रेन, म्हणजे जेमतेम ०.१ ग्रॅम इकडेतिकडे चालत असे. म्हणून नवं दिसणारं मॉर्गन २६.४ भरलं तर काहीतरी बिघडलं आहे. झिजलेलं मात्र २६.२ सुद्धा भरू शकतं, वजन आणि झीज जुळली पाहिजे. छापातल्या बाईचे केस तीक्ष्ण, गरुडाची पिसं तीक्ष्ण आणि तरी वजन कमी, हे जुळत नाही.

नेमकी हीच मेख आहे: वजन, व्यास आणि जाडी या तिन्ही गोष्टी एकदम जुळवणं नकलाकाराला कठीण जातं. चांदीऐवजी तांबं-निकेल वापरलं आणि माप बरोबर ठेवलं तर मॉर्गन २३ ग्रॅमच भरतो, लोखंडाचा केला तर वीसच्या आसपास. वजन २६.७ आणायचं तर जाडी २.४ ऐवजी २.८ करावी लागते. म्हणून ‘वजन बरोबर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, जाडी कडेवर चार ठिकाणी मोजा.

घरी घनता कशी काढायची?

चांदीची नाणी ओळखायची घरगुती परीक्षा म्हणून हिच्याएवढी भरवशाची दुसरी नाही, आणि नाण्याला इजाही होत नाही. नाणं कोरडं असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. बारीक धाग्याने (मासे पकडायची नायलॉन दोरी उत्तम, सुती धागा पाणी पितो) नाणं बांधून ते पूर्ण बुडेल, पण तळाला आणि काचेला टेकणार नाही, असं पाण्यात लोंबकळवा. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. मॉर्गनला २६.७३ भागिले २.५९, म्हणजे १०.३ आलं पाहिजे. थालरला १०.२, रुपयाला १०.३ च्या किंचित वर. पितळ साडेआठच्या आसपास, तांबं-निकेल ८.९, लोखंड ७.९.

चुकतं कुठे? नाण्यावर बुडबुडे चिकटले की पाण्याचा आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे जातात. नाणं तळाला टेकलं तर काटा त्याचं वजनही मोजतो आणि उत्तर पार भलतंच येतं. आणि छोट्या नाण्यावर हा प्रयोग साध्या काट्याने करू नका. पाव रुपया २.९२ ग्रॅमचा, त्याने सारलेलं पाणी ०.२८ ग्रॅम. काटा ०.२९ म्हणाला की घनता १०.४३ वरून १०.०७ वर घसरते. त्यासाठी ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो.

शिसं मिसळून घनता जुळवण्याचे प्रकारही आहेत, पण तो धातू मऊ असतो आणि नाणं बोटावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवलं की ठक्क असा मेलेला आवाज येतो. चांदीचं नाणं खणखणतं आणि नाद काही क्षण रेंगाळतो. जुन्या सराफांची हीच रीत, ‘खणखणीत नाणं’ हा शब्द काही उगाच आला नाही. मात्र खऱ्या नाण्याला चीर असली तर तेही बद्द वाजतं, आणि फरशीवर आपटून वाजवणं म्हणजे स्वतःच्याच मालाला पोचा पाडणं.

चुंबकाला चिकटलं नाही, म्हणजे चांदी ना?

नाही. चिकटलं तर चांदी नाही, एवढंच नक्की. तांबं, पितळ, जस्त, शिसं हेही चिकटत नाहीत. निओडायमियम चुंबक तिरप्या धरलेल्या चांदीच्या नाण्यावरून हळूहळू घसरतो हे बरोबर, पण तांब्यावरूनही तो मंदच घसरतो. चुंबकाचा खरा उपयोग दोन मिनिटांत लोखंडी गाभ्याच्या नकला बाजूला काढायला. खरी नाणीही चिकटतात हे विसरू नका: आपला १९४७ चा वाघाच्या छापाचा रुपया निकेलचा आहे, तो चिकटायलाच हवा. आणि अमेरिकेचा १९४३ चा प्रसिद्ध ‘तांब्याचा’ सेंट चिकटला तर तो त्या वर्षीच्या साध्या पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा आहे. अस्सल ब्राँझचा ३.११ ग्रॅम, पोलादाचा सुमारे २.७.

सराफाच्या मशीनने ९० टक्के चांदी दाखवली. आता तरी खात्री?

सराफाकडचं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातूचा कस सांगणारं) वरवरचा थर वाचतं. जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचा कस सांगतं, गाभ्याचा नाही. म्हणून तो आकडा घनतेशी ताडून बघा. मशीन ९९ टक्के दाखवू लागलं तर उलट सावध व्हा, मॉर्गनमध्ये दहा टक्के तांबं असतं. सराफाने कसोटीच्या दगडावर घासून आम्ल टाकायची तयारी दाखवली तर नको म्हणा. दागिन्याला ते चालतं, नाण्याच्या कडेवरचा तो घासा कायमचा राहतो.

धातू अस्सल असूनही नाणं खोटं असू शकतं का?

असू शकतं, आणि महाग नाण्यांत हाच खरा धोका. नकलाकाराला दुर्मीळ सालाचा भाव मिळणार असेल तर चोवीस ग्रॅम चांदी घालायला तो मागेपुढे पाहत नाही. इथे काटा आणि पाणी काही सांगत नाहीत, दहापट भिंग आणि धीर लागतो.

ओतीव नक्कल ओळखणं सोपं. साच्यात धातू ओतला की पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बोथट होतात आणि कडेवर दोन अर्धांची सांधरेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात. कडेवरच्या खाचा एका जागी अस्पष्ट, दुसरीकडे कानशीने कोरल्यासारख्या वाटल्या की पुरे.

ठोकून काढलेली नक्कल कठीण. तिचा ठसा खऱ्या नाण्यावरून घेतलेला असतो, त्यामुळे त्या मूळ नाण्यावर कधीकाळी पडलेला पोचा ठशात उतरतो आणि मग प्रत्येक नकलेवर येतो. दोन खऱ्या नाण्यांवर अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा मार कधीच बसत नाही. म्हणून तुमच्या नाण्यावरच्या दोन-तीन ठळक खुणा लक्षात ठेवा आणि त्याच सालाच्या विक्रीला असलेल्या पन्नास फोटोंत त्या शोधा. एकदा जरी जुळल्या तरी दोन्ही नाणी खोटी. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण आमच्या मते घरबसल्या करता येण्यासारखी याहून प्रभावी दुसरी नाही. शिवाय अक्षरांभोवती उठलेल्या बारीक रेघा आणि मोकळ्या जागेत उठलेल्या पुळ्या पाहा. ठशाचे दोष नाण्यावर वर येतात, वापरातले ओरखडे आत जातात.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा: नाणं खरं, फक्त एक अक्षर बदललेलं. १८९३ च्या फिलाडेल्फियाच्या मॉर्गनवर (त्यावर टांकसाळीचं चिन्ह नसतं) ‘एस’ चिकटवला की तो सॅन फ्रान्सिस्कोचा होतो, जो फक्त एक लाख निघाला होता. १८८९ वर ‘सीसी’ बसवतात. १८९५ च्या नाण्यावरचं न्यू ऑर्लिन्सचं ‘ओ’ किंवा ‘एस’ खरवडून प्रूफ म्हणून खपवतात, कारण त्या सालाचे बिनचिन्हाचे फक्त प्रूफच ज्ञात आहेत. चिकटवलेल्या अक्षराच्या बुडाशी भिंगातून फट किंवा वेगळी रंगछटा दिसते, खरवडलेली जागा आजूबाजूच्या पोतापेक्षा निराळी चमकते. १८९३ च्या ‘एस’ नाण्यांची पुढची बाजू एकाच ठशाने पाडली होती, त्यामुळे ‘लिबर्टी’तल्या ‘टी’च्या माथ्यावर एक छोटी तिरपी उठलेली रेघ अस्सल नाण्यांवर असते. ती नसेल आणि नाणं फार झिजलेलंही नसेल, तर ‘एस’ नंतर आला आहे.

मुंबईच्या ब्रिटिश डॉलरवर काय बघायचं?

हा डॉलर १८९५ ते १९३५ दरम्यान मुख्यतः मुंबईत पाडला गेला आणि हाँगकाँग, सिंगापूरच्या व्यापारात वापरला गेला. मुंबईचं ‘बी’ ब्रिटानियाच्या (नाण्यावरची उभी स्त्री, ब्रिटनचं प्रतीक) त्रिशूळाच्या मधल्या टोकावर असतं, इतकं बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. नकलांवर तिथे नुसता ठिपका किंवा गोळा येतो. कलकत्त्याचं ‘सी’ वेगळ्या जागी, ब्रिटानियाचं डावं पाऊल आणि ढाल यांच्यामध्ये जमिनीवर असतं. मागच्या जहाजाची शिडं आणि दोर पाहा, ओतीव नकलेत ती एकच गिचमिड होते. या डॉलरचे काही प्रूफ मुंबईच्याच टांकसाळीने नंतर जुन्या ठशांवरून पुन्हा काढले. ते खोटे नव्हेत, पण त्यांची किंमत मूळ प्रूफची नाही, तेव्हा विक्रेत्याला ‘रीस्ट्राइक आहे का’ असं स्पष्ट विचारा.

मारिया तेरेसा थालरवर १७८० आहे. नाणं खरंच तेवढं जुनं?

जवळपास नक्कीच नाही. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा १७८० साली वारली, पण तिचा थालर अरबस्तान आणि इथिओपियात एवढा चालायचा की तेच साल ठेवून तो व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस इथे पाडत राहिले. १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईतही. हे अधिकृत पुनर्मुद्रण आहे, नक्कल नव्हे. ‘राणीच्या हयातीतला मूळ थालर’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका. कडेवर खाचा नसून उठावदार लॅटिन शब्द असतात, कड सपाट असली की थालर गेला.

युआन शिकाईचं साल चिनी लिपीत आहे, ते वाचता येत नाही. मग?

युआनच्या मुखचित्राच्या वरची अक्षरं नुसती मोजा. प्रजासत्ताकाच्या तिसऱ्या वर्षाच्या (१९१४) नाण्यावर सहा अक्षरं असतात. आठव्या, नवव्या आणि दहाव्या वर्षाच्या (१९१९ ते १९२१) नाण्यांवर सात.

नाण्यावर चिनी छाप ठोकलेले आहेत. ते जुनेपणाचा पुरावा धरायचे का?

चीनमधले सराफ चांदी तपासून स्वतःचा छाप ठोकत, त्यामुळे ट्रेड डॉलरवर ते दिसणं स्वाभाविक आहे. नकलांवरही मुद्दाम असतात. खरा छाप ठोकला की धातू बाजूला सरतो आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी थोडं सपाट झालेलं किंवा फुगलेलं दिसतं. मागची बाजू अगदी स्वच्छ असेल तर छाप नाण्यासोबतच ओतला गेला आहे.

पीसीजीएस किंवा एनजीसीच्या प्लास्टिक डबीत बंद आहे. मग तरी निर्धास्त?

या नाणी तपासून, दर्जा ठरवून डबीत सील करणाऱ्या अमेरिकन संस्था. पण डबीचीही नक्कल होते, क्रमांकासकट. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका, पण नोंद सापडली म्हणून थांबू नका, कारण नकलाकार खऱ्या नाण्याचाच क्रमांक उचलतो. तिथला फोटो उघडा आणि तुमच्या नाण्यावरचे डाग, ओरखडे त्याच्याशी एकेक जुळवा. फोटो नसलेला जुना क्रमांक असेल तर तोच क्रमांक दुसऱ्या कुठल्या विक्रीत दिसतो का ते शोधा. लेबलवरची अक्षरं आणि डबीचा सांधा त्या काळच्या अस्सल डबीशी ताडा. विक्रेत्याने स्वतः छापलेलं ‘प्रमाणपत्र’ मोजायचंच नाही.

लिस्टिंगमध्ये ‘कॉपी’ लिहिलेलं नाही, म्हणजे नक्कल नाही?

अमेरिकेत १९७३ च्या हॉबी प्रोटेक्शन ॲक्टनुसार नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवावा लागतो. कारखाने तो कायदा पाळतातच असं नाही. वर्णनात ‘स्मरणार्थ’, ‘ट्रिब्यूट’, ‘म्युझियम’, ‘सिल्व्हर कलर’, ‘सिल्व्हर टोन’ यांपैकी काही असलं तर ती नक्कल आहे, आणि नंतर तक्रार करायलाही जागा उरत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं राम-सीता किंवा हनुमानाचं नाणं परदेशातून मिळतंय. घ्यावं?

संग्रहासाठी नाही. कंपनीने राम-सीता किंवा हनुमानाची अशी नाणी कधीच काढली नाहीत. देव्हाऱ्यात ठेवायचं असेल तर ते इथल्या जत्रेतच स्वस्त पडेल.

खोटं निघालं. पैसे कसे परत मिळवायचे?

विक्रेत्याशी बाहेरच्या चॅटवर बोलू नका, सगळं संकेतस्थळाच्या संदेशांतच. ‘वर्णनाशी न जुळणारी वस्तू’ या सदरात तक्रार टाका आणि मत न मांडता आकडे द्या: अपेक्षित वजन, मिळालेलं वजन, घनता, काट्यावरचा फोटो. ‘मला खोटं वाटतं’ यावर वाद होतो, ‘२६.७३ ऐवजी २३.१ ग्रॅम’ यावर होत नाही. ईबेवर मुदत साधारण तीस दिवसांची, पेपालवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांची. कार्डाने भरले असतील तर बँकेची मुदत लगेच विचारा. अर्धे पैसे घेऊन मिटवा असा प्रस्ताव हमखास येतो. तो स्वीकारला की बहुतेक ठिकाणी तक्रार बंद होते.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्टप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर पाठवायला खाजगी व्यक्तीला मनाई आहे. नक्कल पुरावस्तू नसते, पण १८८९ लिहिलेलं नाणं पोस्टाच्या खिडकीवर कोण ओळखणार? पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र मिळू शकतं, मात्र त्यात परतीची मुदत निघून जाऊ शकते. म्हणून हा कायदा तक्रारीत पहिल्याच संदेशात नमूद करा आणि वस्तू न पाठवता परतावा मागा. आयात करताना भरलेलं सीमाशुल्क विक्रेता सहसा देत नाही, ते किमतीत आधीच धरून ठेवा.

नाणं तुमच्याकडेच राहिलं तर त्याच्या पाकिटावर ‘नक्कल’ असं कायमच्या शाईने लिहून, वजन आणि घनता नोंदवून वेगळं ठेवा. पुढचं नाणं आल्यावर भिंगाखाली शेजारी ठेवायला ते उपयोगी पडतं.